जवसाच्या तेलातला गेरू

"पाहू, पुढच्या खेपेले."

जयवंता माळीण हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असे, ते तिच्या टोपलीतल्या झेंडूलाच ठाऊक. कुणी विचारलं, जयवंताबाई, आज शेवंती काहून नाही आणली, तर ती म्हणे, "पाहू, पुढच्या खेपेले." कुणी लग्नाचं आवतण घेऊन आलं तरी तेच. देवळातला पुजारी म्हणाला, बाई, वय झालं, आता काशी करून या, तरी तेच. म्हणताना डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक हसू येई आणि लगेच विझे. अमरावतीच्या बाजारात तिची नक्कल करणारी पोरं मोठी झाली, त्यांची पोरं नक्कल करू लागली. पण फुलं विकणाऱ्या बाईच्या तोंडात हे बोलणं आलं कुठून, हे कुणी विचारलं नाही. खेप गाडीवानाची असते. माळणीची नसते.

तिच्या एका हिरव्या लुगड्याच्या पदराला फिकट तांबडा डाग होता. लुगडं विटलं, विरलं, तेव्हा तिनं त्याची वाकळ शिवली. शिवताना डागाचा तुकडा मात्र वरच्या अंगाला घेतला. थंडीच्या दिवसांत ती वाकळ अंगावर ओढून ती मळ्याच्या बांधावर बसे आणि पश्चिमेकडच्या वाटेकडे बघे. त्या वाटेवर आता बाभळी आहेत आणि शेळ्या आहेत. एका काळी तिथं गाड्या होत्या.

त्या गाड्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना दुसरं काही सांगावं लागत नाही. सात समुद्रांपलीकडे कुठं तरी लढाई पेटली होती आणि तिची ऊब वऱ्हाडातल्या काळ्या मातीला लागली होती. कापसाचा भाव आभाळाला भिडला; ज्याच्या रानात कापूस, तो राजा. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, न्हाव्याच्या कानात भिकबाळी आली. ज्याच्याकडे बैलजोडी होती, त्यानं वांगी सोडली, मिरची सोडली, पानमळे सोडले आणि तो गाडीवान झाला. अमरावतीहून गाड्यांची रांग निघे, तिचं तोंड अकोल्याच्या वाटेवर आणि शेपूट अजून बाजारात. वाटेवरच्या बाभळींच्या काट्याकाट्याला कापूस अडके. पहाटेच्या उजेडात ती काटेरी झाडं अशी दिसत, जशी अंगभर मोगरा माळून उभी आहेत. जयवंता म्हातारपणी म्हणे, "तवा काटे बी फुलावर आले होते बाप्पा."

अंबानाल्याच्या काठी तिचा मळा होता. तिचा म्हणजे तिच्या मावशीचा, पार्बताबाईचा. जयवंताचा नवरा लग्नानंतर दोन पावसाळ्यांत पटकीनं गेला. सासरी कुणी उरलं नाही, म्हणून मावशीनं तिला आणून ठेवली होती. मळ्याला लागूनच गाडीतळ होता. गाडीवान विहिरीवर बैलांना पाणी पाजत, मावशीच्या शिव्या खात आणि मुळा-भाकर विकत घेत.

तिथंच एका हिवाळ्यात शालिकराम आला. तोही माळी, बाळापूरकडच्या, मन नदीच्या काठच्या एका गावचा. उंच, बोलायला गोड, हसला की गालाला खळी पडणारा. त्याच्या गाडीला दोन बैल: एक तांबूस आणि एक बगळ्यासारखा पांढरा. पांढऱ्याचं नावच बगळ्या. हा बगळ्या मारका. कुणी जवळ गेलं की शिंग उगारी. पण जयवंता मुळ्याचा पाला घेऊन गेली, तेव्हा त्यानं तिच्या ओटीत तोंड घातलं ते काढेच ना.

"हे कसं झालं?" शालिकराम म्हणाला. "हा तं मले बी लाथ मारते."

"तुमच्या अंगाले पाल्याचा वास नाही येत," ती म्हणाली.

"मंग कायचा येते?"

"लबाडीचा."

दोघं हसली. पुढं तिला हा संवाद पुष्कळदा आठवे. आपण थट्टेत खरं बोलून गेलो, आणि खरं बोलायचं तेव्हा थट्टा करत राहिलो, असं तिला वाटे.

त्यानं तिला सांगितलं की त्याचं घर सुनं आहे. बायको होती, ती पटकीनं गेली. "तुह्या घरधन्यासारखीच," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. घरी फक्त म्हातारी माय. "तिची बी उजव्या हाताची दोन बोटं उसाच्या चरकात गेली. तीन बोटांनं भाकर करते बिचारी. घराले बाई पायजे व, जयवंता."

माळ्यांत विधवेचा पाट लागे. पाट म्हणजे दुसरं लग्न, वाजतगाजत नाही, पण चारचौघांच्या साक्षीनं. जयवंताला दुसरं काही नको होतं. एक चूल, तिच्यापाशी आपली म्हणून बसायची जागा, आणि संध्याकाळी बैलांच्या घुंगरमाळा ऐकून कवाड उघडायचं. तिनं विचारलं, "पाट कधी लावता?"

"पाहू," तो म्हणाला. "पुढच्या खेपेले."

आणि ते वाक्य त्याच्या तोंडी इतकं गोड वाटलं, की त्यात नकार आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पहिली खेप आली. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरं रंगवतात. शिंगांना रंग, गळ्यात माळा, आणि घरची लक्ष्मी परातीत गेरू कालवून बैलाच्या पाठीवर आपल्या उजव्या हाताचा पंजा उमटवते. हा मान घरच्या सवाष्णीचा. सवाष्ण नसेल तर मग घरातली जी कुणी मोठी असेल तिचा. तांबूस बैलावर तो पंजा दिसत नाही. बगळ्यावर मात्र असा दिसत होता, की जणू कुणी आत्ताच हात उचलला.

पाच बोटं. पाचही भरलेली, लांब, नीट.

जयवंता पाल्याची जुडी घेऊन तशीच उभी राहिली. मागून पार्बताबाई आली. तिनं कमरेवर हात ठेवून बैलाकडं पाहिलं, मग भाचीकडं पाहिलं.

"माय व!" ती म्हणाली. "म्हातारीले बोटं फुटली वाटते! कोन्या वैद्याचं औषध घेतलं, इचार बरं. माहे दात गेले, मले बी फुटतीन."

"शेजारीन असन कोनी," जयवंता म्हणाली.

"असन. शेजारीन लय जवळची दिसते."

शालिकराम विहिरीवर तोंड धूत होता. जाऊन विचारायला दहा पावलं पुरली असती. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, हीच तिला भीती होती. तिनं बगळ्याला नाल्यावर नेलं, मूठभर राख घेतली आणि तो पंजा घासून काढला. "लय धुळीनं भरले होते," असं ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, "किती करतं व तू!" आणि बैल निघाले तेव्हा तिनं अंबाडीच्या सुतळीत गुंफलेली झेंडूची माळ बगळ्याच्या गळ्यात घातली. तिची गुंफण तिची स्वतःची होती. तीन पदरांची वेणी आणि प्रत्येक फुलामागं उलटी गाठ. तशी माळ त्या बाजारात दुसरी कुणी करत नसे.

दुसऱ्या दिवाळीनंतर पंजा पुन्हा आला. तिनं राख घेतली. गेरू हलला नाही. तिनं वास घेतला. जवसाचं तेल! कुणी तरी गेरूत जवसाचं तेल घातलं होतं, म्हणजे रंग कातड्याला धरून बसावा. जयवंता घरात गेली आणि रिठे कुटून आणले. मुरवले, फेस काढला, घासलं. बोटं एकेक करून गेली. अंगठा सगळ्यात शेवटी गेला.

ती मनाशी म्हणाली, शेजारीण हुशार आहे. तिच्या घरी जवस पिकत असेल.

माणूस स्वतःला फसवतं तेव्हा त्याला फार अक्कल लागते. दुसऱ्याला फसवायला तेवढी लागत नाही. शालिकराम साधेपणानं फसवत होता. काटेपूर्णा नदी ओलांडून पूर्वेला आला की तो खरोखरच विधुर होई. तिच्या हातची भाकर खाताना त्याला आपलं सुनं घर आठवे, तिच्यासाठी बाळापूरचं लुगडं आणी. ते हिरवं लुगडं तेच. नदी पुन्हा ओलांडून पश्चिमेला गेला की तो पुन्हा आपल्या घरचा होई. पण जयवंताला दर खेपेला नवी कहाणी रचावी लागे. एका साली ती शेजारीण होती, एका साली चुलतबहीण, एका साली दिवाळीला माहेरी आलेली आतेबहीण. पार्बताबाई म्हणे, "त्याचं गोत वाढून राहिलं व, तुह्या डोक्यात."

आणि पश्चिमेकडून आगगाडी येत होती. सुरुवातीला कापसाच्या गाड्या पार खानदेशाकडं, रूळ होते तिथवर जात, तेव्हा शालिकराम म्हणे, रस्ता लांब आहे, वाटेत चोर आहेत, बाईमाणसाला कसं न्यावं. मग रूळ मलकापूरला आले. तेव्हा तो म्हणाला, मायचं दुखणं आहे. मग शेगाव आलं. तो म्हणाला, घर शाकारायचं आहे. मग अकोला आलं. रूळ जसे जवळ येत गेले, तशी त्याची सबब आखूड होत गेली. गाडीवान लोक आगगाडीला शिव्या देत. एकटी जयवंता मनातून तिची वाट पाहत होती. वाट सरली की सबब सरेल, असा तिचा हिशेब.

ज्या साली रूळ बडनेऱ्याला आले, त्या साली शालिकराम उन्हाळ्यात शेवटची खेप करून गेला. सात समुद्रांपलीकडची लढाई कधीच विझली होती आणि कापसाचा भावही उतरला होता. अमरावतीहून बडनेऱ्याला माल न्यायला इथल्याच गाड्या पुरत होत्या. बाळापूरच्या गाड्यांना काम उरलं नाही. जाताना तो बैलांच्या कासऱ्याशी चाळा करत उभा राहिला.

"आता?" तिनं विचारलं.

"पाहू. दिवाळी झाली की," तो म्हणाला. "पुढच्या खेपेले, पक्कं."

पुढची खेप कशाची, हे त्यानंही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

पावसाळा गेला. दसरा गेला. गाडीतळावर गवत गुडघ्याएवढं वाढलं. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा एका सकाळी जयवंतानं शेवंतीच्या फुलांनी आणि माळांनी टोपली भरली आणि ते हिरवं लुगडं नेसलं.

"कोठी चालली व?" मावशीनं विचारलं.

"बाळापूरच्या बाजाराले. दिवाळीत तिकडं फुलाले भाव हाय म्हंतात."

पार्बताबाईनं तिच्या लुगड्याकडं पाहिलं. मग तिनं उठून भाकरी बांधून दिल्या. "जाय," ती म्हणाली. "डोळ्यानं पाहून ये. नाही तं तू जनमभर त्याले नवी नवी बहीन देत बसशीन."

बडनेऱ्याला ती आगगाडीत बसली. इंजिनानं शीळ घातली, तेव्हा डब्यातल्या बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. जयवंता खिडकीतून गाडीवाट पाहत होती. ती वाट रुळांच्या बाजूनं कधी जवळ येई, कधी दूर जाई, बरोबर चालणाऱ्या माणसासारखी. जी नदी ओलांडून यायला शालिकरामला एवढे दिवस लागत, ती काटेपूर्णा पापणी लवेपर्यंत मागं पडली. तिच्या मनात आलं, एवढीच होती का वाट?

अकोल्याहून बाजारच्या गाडीनं ती बाळापूरला आली आणि पाडव्याच्या दिवशी सकाळी मन नदी उतरून त्याच्या गावात शिरली. गल्लीत शेणाचे सडे पडले होते, गुरांच्या शिंगांवर ओला रंग चमकत होता. ती "फुलं घ्या व, फुलं" म्हणत चालली. शेवटपर्यंत तिच्या मनात एक कवाड उघडं होतं. असेलही आतेबहीण. असतेच एखाद्याला.

घर विचारावं लागलं नाही. बगळ्यानंच ते दाखवलं. अंगणातल्या खुंट्याला बांधलेल्या त्या बैलानं तिचा आवाज ऐकून मान वर केली, दाव्याला हिसका दिला आणि हंबरला. ती कवाडापाशी येताच त्यानं पुढं होऊन तिच्या ओटीत तोंड घातलं.

अंगणात एक बाई परात घेऊन बसली होती. कपाळाला कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. लांब बोटं गेरूत भिजलेली. ओसरीवर एक म्हातारी वाती वळत होती. तिच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. गोठ्याच्या दारात शालिकराम घुंगरमाळ हातात घेऊन उभा राहिला. माळ वाजायची थांबली.

बाई उठली. तिनं बैलाकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं.

"हा बैल कोनाले अंगाले हात लावू देत नाही," ती म्हणाली. "मी लगन होऊन आली तं मले दोन सालं शिंग दाखवे."

"मी माळीन हाय, बाई. पाल्याचा वास येते त्याले."

"असन." बाईनं टोपलीतली एक माळ उचलली. बोटांनी चाचपली, उलटी केली. उलटी गाठ. तीन पदर. ती बराच वेळ त्या गाठीकडं पाहत राहिली. मग तिनं आवाज खाली आणला. "मंग तूच काय धुऊन काढतं?"

जयवंतानं टोपली खाली ठेवली.

"मी एक साल गेरू लावला, बैल कोरा आला. म्हटलं, वाटेत नदीत धुतला असन. दुसऱ्या साली तेल टाकलं, तरी कोरा! तिसऱ्या साली दुप्पट टाकलं. हे म्हंतात, पावसात भिजला. हिवाळ्यात कायचा पाऊस? आन गळ्यात ही माळ. म्हंतात, बाजारात सगळ्याच बैलाले घालतात. म्या म्हटलं, हो, घालत असतीन." तिनं माळ टोपलीत ठेवली. "कायनं काढलं व? राखेनं?"

"आधी राखेनं," जयवंता म्हणाली. "मंग रिठ्यानं. मांगच्या साली दोन्ही लागलं."

"मले वाटलंच होतं रिठे असतीन."

दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या, आणि कुणाच्या तोंडून आधी निघालं कळलं नाही, पण एक हसू फुटलं. फार लहान, फार थकलेलं. एकाच बैलाच्या पाठीवर एकीनं लिहायचं आणि दुसरीनं पुसायचं, असं त्यांचं इतकी सालं चाललं होतं. दोघींनाही ठाऊक होतं की पलीकडे कुणी तरी आहे. दोघींना ते ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं फक्त त्याला.

"सुभद्रा," शालिकराम गोठ्यातून म्हणाला, "ते... बाजारातली वळखीची..."

"तुमी चूप रावा जी," सुभद्रा म्हणाली. मागं वळून पाहिलंही नाही. तिनं परात उचलली आणि जयवंतापुढं धरली. "घे. बुडव हात. एक बाजू माही, एक बाजू तुही. घर लहान हाय, पन दोघींले पुरन. चार मानसं बोलावून पाट लावू. माहं काई म्हननं नाही. रोज रोज नसलेल्या मानसासंग लढून थकली मी."

ओसरीवरच्या म्हातारीनं वाती वळणं थांबवलं.

जयवंतानं जे मागितलं होतं, ते समोर परातीत होतं. चूल, जागा, कवाड. तिनं उजवा हात गेरूत बुडवला. गार लागला. जवसाच्या तेलाचा तोच वास आला, जो ती दर हिवाळ्यात नाल्याच्या काठी बसून घासत असे. तिनं हात उचलला. बगळ्यानं पाठ तिच्याकडं केली होती, पांढरी स्वच्छ. हात फक्त टेकवायचा होता.

तिनं शालिकरामकडं पाहिलं. त्यानं एक शब्द बोलावा, एवढंच. 'ये' म्हणावं. 'जा' म्हणालं तरी चाललं असतं. ज्या घरात तिला बायकोनं घेतलं, त्या घरात त्यानंही घ्यावं. एकदाच, नदीच्या ह्या काठावर उभं राहून.

शालिकरामनं घुंगरमाळ ह्या हातातून त्या हातात घेतली. बायकोकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. गालाला खळी पडली, तशीच गोड.

"आज सनासुदीचं राहू द्या ना व," तो म्हणाला. "पाहू ना. पुढच्या..."

आणि थांबला. पुढची खेप आता उरलीच नव्हती. गाडी अंगणात जू खाली टाकून पडली होती, तिच्या चाकांत कोंबड्या बसल्या होत्या.

जयवंताला त्या क्षणी राग आला नाही. तिला त्याची कीव आली, आणि त्या किवेत कुठं तरी गोडीही होती. तिला दिसलं की हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या आयुष्यात जे काही सुखाचं होतं ते सगळं त्यानं पुढच्या खेपेत ठेवलं होतं, आणि ती खेप कधीच येऊ नये असं त्याला वाटत होतं.

तिनं भिजलेला हात आपल्या हिरव्या पदराला पुसला. नीट, बोट बोट करून.

"बाई," ती सुभद्राला म्हणाली, "तेल कमी टाकत जाय आता. बैलाचं कातडं चरचरते." टोपलीतली सगळ्यात मोठी माळ काढून तिनं बगळ्याच्या गळ्यात घातली. मग शालिकरामकडं वळली. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते बारीक हसू पहिल्यांदा आलं.

"पाहू," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले."

टोपली डोक्यावर घेऊन ती कवाडाबाहेर पडली. गल्लीतून नदीकडं उतरली, पाण्यात शिरली, लुगडं सावरून पलीकडच्या चढाला लागली. शालिकराम खाली मान घालून घुंगरं सारखी करत होता. बगळ्यानं दाव्याला ताण दिला आणि मग दावं सैल सोडलं. सुभद्रा तेवढी कवाडात उभी होती, परात काखेत धरून. हातावरचा गेरू वाळून त्याला चिरा पडल्या तरी तिनं तो धुतला नाही, आणि पलीकडच्या बाभळींमध्ये हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत ती तिथून हलली नाही.